दोनशे चार दातांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. फूटपट्टी नव्हे, लॅपटॉपच्या पोटात बसणारी मेमरीची पट्टी. बोटभर लांब, अंगानं हिरवी, पाठीवर आठ काळे चौकोन आणि खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले दोनशे चार दात. खोटं वाटत असेल तर मोजा. लॅपटॉप काम करत असताना त्याच्या हातातलं सगळं सांभाळून धरायचं, एवढंच माझं काम. बटण बंद झालं की मी सारं विसरते. मग ही कहाणी कशी सांगतेस, असं विचाराल. म्हातारीला अडचणीचे प्रश्न विचारू नयेत.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे इतकी स्वच्छता होती की कामगाराला शिंक आली तर ती घरी नेऊन शिंकावी लागे. पुढे घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंकडे मी सहा वर्षं राबले. बावीस मजल्यांच्या इमारती एकटीनं तोलून धरल्या. "काय पळतोय माझा लॅपटॉप," असं त्या कौतुकानं म्हणायच्या. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि माझी रवानगी दुरुस्तीच्या दुकानात झाली. तिथल्या कारागिराला सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी मला एका यंत्रात बसवून पाहिलं, तर पडदा काळाच राहिला. पांढऱ्या कागदावर 'बाद' लिहून त्यांनी तो माझ्या पाठीवर डकवला आणि मला स्क्रूंच्या डब्यात टाकलं. स्क्रूंची संगत फार वाईट, मित्रांनो. सगळे जात्याच फिरलेले.

चार वर्षांनी एका सकाळी एक शिंपीमास्तर आणि त्यांची बायको आपला जुना लॅपटॉप घेऊन दुकानात आली. त्या बाईला मी मावशी म्हणते, कारण सगळी धडपड तिच्या भाचीसाठी होती. भाचीला दिसत नव्हतं. मावशी इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचून लॅपटॉपवर भरून ठेवायची आणि पोर ते ऐकून अभ्यास करायची. वार्षिक परीक्षा बारा दिवसांवर आली होती, नऊ धडे बाकी होते आणि लॅपटॉप मधेच गोठायचा. सातवा धडा तर त्यानं दोनदा गिळला होता.

मास्तरांनी आधीच एक पट्टी स्वस्तात पैदा केली होती. माझ्या दुप्पट लांब, टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची. त्यांचं गणित शिंप्याचं. कापड चार बोटं जास्तच घ्यावं, उरलं तर दुमडता येतं. ती बसेना तेव्हा त्यांनी कात्री काढली म्हणे.

"अहो, बाही नाही ती आखूड करायला," असं मावशी म्हणाली, म्हणून ती वाचली.

लॅपटॉपची पाठ उघडून आतलं लेबल वाचल्याशिवाय काही विकायचं नाही, ही डॉक्टरांची रीत. त्यांनी पाठ उघडली. आत माझ्याच जातीची, पण निम्म्या कुवतीची एक पट्टी होती आणि शेजारची जागा रिकामी.

"ताई, नवा लॅपटॉप नको, भारीतली पट्टीही नको," ते म्हणाले. "ह्याला जुन्या जातीचीच लागते. मागवली तर तीन आठवडे."

तोवर परीक्षा होऊन जाईल, एवढंच मावशी पुटपुटली.

डॉक्टरांनी स्क्रूंचा डबा उपडा केला, मला उचललं आणि शाळेतल्या खोडरबरानं माझे दात घासायला घेतले. वर्षानुवर्षांचा मळ निघाला. मला त्या रिकाम्या जागेत बसवलं, तरी पडदा काळाच. त्यांनी पुन्हा घासले, हलक्या हातानं, एकेक करून. या खेपेला पडदा उजळला. मास्तर निघायला उठलेसुद्धा.

"बसा, मास्तर. चालू होणं वेगळं आणि भरवशाचं असणं वेगळं."

दुपारभर डॉक्टरांनी मला आकडे दिले आणि उलटसुलट विचारले. एकही चुकला नाही. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पाठीवरचा तो कागद सोलून काढला. वर मावशीला बजावलं, की प्रत्येक धडा संपला की लगेच जतन करा, म्हातारीवर फार विसंबू नका. मला राग आला, पण बोलणं खरं होतं.

पुढे मावशी वाचत गेली आणि मी धरत गेले. लॅपटॉप एकदाही गोठला नाही. भाची मात्र भारी चोखंदळ. "मावशी, सन सांगताना तुला बस पकडायची असते का गं?" असं म्हणून तिनं तीन धडे पुन्हा वाचायला लावले. परीक्षेच्या दोन दिवस आधी शेवटचा धडा झाला.

तेव्हा मित्रांनो, यंत्र मंदावलं म्हणून लगेच भंगारात काढू नका. वीज आणि बॅटरी काढून, जाणत्या माणसाकडून आधी त्याची पाठ उघडून घ्या. त्याला काय बसतं ते बघा. लांबरुंद आणि महाग ते चांगलं, असं धरून चालू नका. आणि कुणाला बाद ठरवण्याआधी दोनदा तरी घासून बघा.

हो, निकालाचं राहिलंच. तो मला कुणी सांगितला नाही. पट्टीला कोण सांगतं? सुट्टीभर लॅपटॉप कपाटात होता. मग एका सकाळी मावशीनं तो उघडला, घसा साफ केला आणि एका नव्याकोऱ्या पुस्तकाचं पहिलं पान वाचायला घेतलं. विषय इतिहासच होता. इयत्ता पुढची होती.