कुलसुमसाठी क्रॅनबेरीचं सार

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. शारजातल्या डायलिसिस केंद्रात नऊ खुर्च्या होत्या आणि चौथ्या खुर्चीवर कुलसुम होत्या. मशीन लावण्यापूर्वी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट तासाभरात आला. पोटॅशियम ६.३, ते साडेपाचच्या खाली असायला हवं होतं. डॉक्टरांनी त्यांचे पती मुनीर यांना बाजूला घेतलं.

"अंकल, छह के ऊपर दिल कभी भी रुक सकता है. खाने में क्या दे रहे हो?"

मुनीर यांनी रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतली होती आणि रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात एकतीस वर्षं भट्ट्यांची मापन-उपकरणं सांभाळली होती. त्यांनी उत्तरही तसंच क्रमवार दिलं. टोमॅटो बंद, चिंच बंद, नारळ बंद, आमसूल बंद. भाज्या दोनदा उकळून पाणी फेकलेलं. आहारतज्ज्ञ बाईंनी आंबट म्हणून एकच वस्तू मोकळी ठेवली होती, ती म्हणजे ताजी क्रॅनबेरी.

"मग आणा ती," खुर्चीवरून कुलसुम म्हणाल्या. "नाहीतर गुरुवारी मी इथे येणार नाही. हे असलं पांढरं, बेचव खाऊन जगायचं, ते कशासाठी? खलास."

त्या हे चिडून बोलल्या असत्या, तर मुनीर यांना एवढी भीती वाटली नसती. त्या अगदी शांतपणे बोलल्या.

संध्याकाळी मुनीर रोल्ला भागातल्या घरी दोन पिशव्या घेऊन आले. मुलगी रुखसार नुकतीच ऑफिसातून आली होती.

"एका पिशवीला बारा दिरहम, अब्बा? म्हणजे पावणेतीनशे रुपये! या बोरांना?"

"बोरं नव्हेत. करवंदांच्या जवळपासची चव आहे."

"करवंदं आम्ही फुकट खायचो," कुलसुम आतून म्हणाल्या, "आणि काटे वर मिळायचे."

बऱ्याच दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती. मुनीर लगेच ओट्याशी उभे राहिले. गरम तेलात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर क्रॅनबेरी टाकली. दाणे एकेक करून फुटले आणि पातेल्यात गडद लाल रस उतरला. पाणी, मीठ, चिमूटभर साखर, दाटपणासाठी तांदळाचं पीठ. सार तयार झालं. कुलसुमनी ते भातावर ओतून घेतलं आणि पुन्हा मागितलं. बुधवारी हमूर माशाचा छोटा तुकडा त्याच आंबटात शिजला. रात्री कोबीच्या भाजीत तीच फळं चिरून पडली. ताट रिकामं होत होतं.

गुरुवारचा रिपोर्ट आला. ६.५.

घरी आल्यावर मुनीर यांनी कुलसुमच्या पलंगाची उशी उचलून पाहिली. मग कपाटाचा खण.

दारात कुलसुम उभ्या होत्या. "काय शोधताय? खजूर?"

"तू काही चोरून खातेस का? खरं सांग."

"रुखसारचे अब्बा, मी खाल्लं ते तुमच्याच हातचं. दुसरं काही गिळायची ताकदच नाही माझ्यात." त्या पलंगावर बसल्या. "शनिवारी मी जाणार नाही. आता माझ्यावर चोरीचा आळही आला."

मुनीर स्वयंपाकघरात गेले आणि क्रॅनबेरीची उरलेली पिशवी कचऱ्याच्या डब्यावर धरून उभे राहिले. रुखसार मागे आली.

"टाका, अब्बा. ती आली आणि आकडा वाढला. तीच असणार."

"टाकाल तर मी पाणीसुद्धा घेणार नाही!" कुलसुमचा आवाज आला. पाठोपाठ त्या भिंत धरत स्वतःही आल्या. "एवढी एकच गोष्ट तोंडाला लागली. आणि तिच्यात आंबट जास्त होतं म्हणून तुम्हीच तर मीठ वाढवत गेलात. माझ्यासमोर तीनदा घातलंत."

मुनीर यांचा हात तसाच थांबला. कोणत्याही यंत्रणेत दोष शोधताना ते प्रत्येक भाग सुटा करून तपासत असत. इथे त्यांनी भाज्या तपासल्या, मासा तपासला, फळ तपासलं. मीठ तपासलं नव्हतं, कारण ते आरोग्यासाठीच आणलेलं होतं. रक्तदाबासाठी सोडियम कमी करायला सांगितलं, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी त्यांनी कमी सोडियमच्या मिठाचा डबा घेतला होता.

"रुखसार, मिठाच्या डब्यामागचं बारीक वाच. माझ्या चष्म्यानं दिसत नाही."

रुखसारनं मोबाइलनं फोटो काढून मोठा केला. ती वाचता वाचता थांबली.

"अब्बा... पोटॅशियम क्लोराईड. अर्ध्याहून जास्त."

मुनीर ओट्याच्या कडेला टेकले.

"वा, इंजिनिअर साहेब," कुलसुम म्हणाल्या. "चोर सापडला. चमचा घेऊन उभा आहे." त्या हसायला गेल्या, पण त्यांना धाप लागली. रुखसारनं त्यांना खुर्ची दिली. "आता दुसरं मीठ?"

"आता कोणतंच नाही. तुझ्या पायांवर सूज आहे, साधं मीठही चालणार नाही."

"म्हणजे पुन्हा पांढरं."

"मला एकदा करू दे, कुलसुम. नाही आवडलं तर शनिवारी मी तुला आग्रह करणार नाही."

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण डायलिसिस सोडण्यालाच होकार दिला आहे. रुखसारनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

त्यांनी मिरं ताजं कुटलं, लसूण दुप्पट घेतला, जिरं करपण्याच्या अगदी आधी उचललं. क्रॅनबेरी फुटू दिली, पण पूर्ण विरघळू दिली नाही, म्हणजे दाताखाली आंबट येईल. साखर घातली नाही. मीठ नाही. भात, त्यावर सार. ताट समोर ठेवून ते उभेच राहिले.

कुलसुमनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला.

"मीठ नाही हे कळतंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"कडवट आहे. आणि तिखट." दुसरा घास घेतला. तिसरा. "बसा की. पहारा कसला देताय?"

त्या अर्धं ताट जेवल्या आणि उरलेलं झाकून ठेवायला सांगितलं. सकाळी खाईन, असं म्हणाल्या. शुक्रवारी त्यांनी सकाळी तेच खाल्लं, दुपारी कोबी आणि क्रॅनबेरी. शनिवारी पहाटे मुनीर चपला घालून दारापाशी थांबले, हाक न मारता. बराच वेळ आत काहीच हालचाल नव्हती.

मग कुलसुम ओढणी सावरत बाहेर आल्या. "यल्ला, चला. त्या डॉक्टरला सांगा, मी चोरी केली नव्हती."

मशीन लावण्यापूर्वी रक्त घेतलं गेलं. मुनीर कॉरिडॉरमध्ये बसले नाहीत. रिपोर्टच्या खिडकीसमोर उभे राहिले. नर्सनं कागद सरकवला.

पोटॅशियम ५.४.