कानावरची रेस

कान असावा तर दिनकररावांचा, असं पिंगळीच्या आसपासच्या चार गावांत म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? पण दिनकररावांनी ते खरं धरलं आणि सगळा घोळ तिथंच झाला.

त्यांच्याकडं वेल्डिंगचा डिझेल सेट होता. दोन चाकांच्या गाड्यावर इंजिन आणि इंजिनाला जोडलेला वेल्डिंगचा जनरेटर. रानात जिथं लाईट नाही किंवा असून नसल्यासारखी, तिथं ट्रॅक्टरमागं गाडा ओढत न्यायचा आणि मोडलेलं जागच्या जागी जोडून द्यायचं. सेट थोरल्याचा, हात धाकट्याचा. धाकटा भाऊ बन्सीधर होल्डर धरून रॉड चालवायचा आणि दिनकरराव इंजिनापाशी उकिडवे बसून रेस लावायचे. रेस म्हणजे इंजिनाचा वेग. तो उतरला की करंट पडतो, रॉड चिकटतो आणि लोखंड आत मुरायचं सोडून वरच्या वर थापल्यासारखं बसतं. दिसायला जोड बरा दिसतो, पण आत काही नसतं.

म्हणून रेस लावायचं काम थोरल्याचं. दिनकरराव डोळे मिटायचे, इंजिनाचा स्क्रू हळूहळू फिरवायचे आणि आवाज मनाजोगा आला की एक बोट वर करायचे. मग बन्सीनं काच तोंडापुढं धरायची. त्या बोटाआधी रॉड टेकवायचा नाही आणि त्या स्क्रूला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता. वडलांनी विहिरीवरच्या इंजिनाशेजारी बसवून थोरल्याचा कान तयार केला होता. धाकट्याला तिथं बसवलं नव्हतं. एका घरात एकच कान पुरे, असं वडलांचं म्हणणं.

अलीकडं बन्सी कुरकुर करायला लागला होता. हळूच, काच खाली घेऊन, चार माणसांत नाही.

"दादा, करंट पडायलाय. रॉड चिकटायलाय बघा. जरा रेस वाढवा."

दिनकररावांना ते झोंबायचं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणायचे. हात थरथरतो तुझा, आधी हात बघ. एकदा तर सगळ्यांसमोर विचारलं, सकाळीच घेऊन आलास का म्हणून. बन्सी माळकरी माणूस. त्यानं खाली बघितलं आणि चिकटलेला रॉड हिसडून सोडवला. पुढं तो बोलायचा बंद झाला.

मग तो उसाचा हंगाम आला. किशनरावांच्या ट्रॉलीची हुकाची दांडी तडकली होती, ती या दोघांनी रानातच जोडली. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या वाटेला लागली आणि उतारावर दांडी जोडापाशी तुटली. ट्रॉली उलटली. उसावर बसलेला किशनरावांचा एकुलता एक पोरगा, माऊली, त्या उसाखाली गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

तेराव्यानंतर देवळापुढं माणसं बसली. कुणी मारायला उठलं नव्हतं. फक्त विचारत होते, की असं झालं कसं. आणि दिनकररावांनी उभं राहून सांगितलं, "रेस माझी व्हती, ती चुकत न्हाई. जोड बन्सीच्या हातचा हाय."

एवढंच बोलले. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं वाटलं. बन्सीनं थोरल्याकडं एकदा बघितलं. घरी आल्यावर दिनकररावांनीच त्याला समजावलं, की जा, किशनरावांच्या पायावर डोकं ठेव, कबूल कर, विषय संपेल. बन्सी गेला. डोकं ठेवलं, माझ्या हातानं झालं म्हणाला. किशनरावांनी पाय मागं घेतले नाहीत, तोंड मात्र फिरवलं. विषय संपला तो बन्सीचा. त्याला कुणी लोखंडाला हात लावू देईना. बायकापोरांना घेऊन तो पूर्ण्याला गेला आणि तिथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर गोण्या उचलायला लागला. पंचक्रोशीत ज्याच्यासारखा सरळ जोड कुणाला घालता येत नव्हता, तो माणूस हमाल झाला.

यावर दुसरा हंगाम उलटला. सेट पडून होता. दिनकरराव स्वतः कधी कोळपं, कधी फाटकाची बिजागरी जोडायचे तेवढंच. मग पाण्याच्या पाइपलाइनचं काम निघालं आणि ठेकेदारानं सेट भाड्यानं मागितला. अट एकच होती. भाडं तासावर, म्हणून इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर पाहिजे. दिनकररावांची मुलगी निकिता आयटीआयला इलेक्ट्रिकलचं शिकलेली. तिनं मीटर मागवलं. तास मोजणारं आणि रेस दाखवणारं, दोन्ही एकाच डबीत आलं. रेस दाखवणारं कशाला, म्हणून दिनकरराव हसले. आपल्याकडं ते फुकटात आहे, म्हणाले.

सकाळच्या पारी तिनं ते बसवलं. इंजिनाच्या पुलीवर इवलंसं लोहचुंबक चिकटवलं, त्याच्यासमोर पट्टीवर सेन्सर आणून कसला, वायरी इंजिनाच्या गरम नळीपासून लांब बांधल्या आणि डबी गाड्याच्या मुठीपाशी लावली. इंजिन चालू झालं तसे डबीत लाल आकडे उमटले. तासांच्या जागी शून्य होतं. इतकी वर्षं हे इंजिन चाललं, त्यातलं काहीच तिथं नव्हतं.

"बाबा, तुमची रेस लावा," निकिता म्हणाली. तिला बापाचं कौतुकच बघायचं होतं.

दिनकररावांनी डोळे मिटले. स्क्रू फिरवला. आवाज मनाजोगा आला तसं बोट वर केलं. डोळे उघडले तर पोरगी डबीकडं बघत होती. इंजिनाच्या पितळी पट्टीवर पंधराशे कोरलेलं. डबीत साडेबाराशेही नव्हते.

मीटर नवं आहे, बसायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. निकितानं चुंबक पुसून परत चिकटवलं, सेन्सर जवळ घेतला. त्यांनी पुन्हा डोळे मिटून रेस लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं न विचारता स्क्रूला हात घातला आणि आकडा पंधराशेवर नेला. तसा दिनकररावांनी कानावर हात ठेवला. तो आवाज त्यांना सहन होईना. सुई टोचल्यासारखी कळ कानातून टाळूत गेली.

तेव्हा त्यांना उमगलं. गेली काही वर्षं घरात बोललेलं त्यांना कमी ऐकू यायचं, सुलाबाईच हल्ली पुटपुटते, असं ते बायकोलाच बोल लावायचे. आणि मोठा आवाज मात्र टोचायचा. टोचायचं थांबेपर्यंत ते रेस उतरवायचे. टोचायची थांबली की ती बरोबर रेस. ज्याला ते कान म्हणत होते ते एवढंच होतं.

तरी माणूस सहजी मानतो का? त्यांनी लोखंडी पट्टीचे तुकडे आणले. आपल्या रेसवर दोन तुकडे जोडले. रॉड चिकटला, हिसडावा लागला, पुन्हा चिकटला. मग मीटरच्या रेसवर दोन जोडले. लोणी वितळावं तसा रॉड चालला. दोन्ही जोड पाण्यात विझवले, शिकंजात धरले आणि हातोडा घातला. मीटरच्या रेसवरचा जोड वाकला, पण सुटला नाही. त्यांच्या रेसवरचा पहिल्याच घावाला सुटला. आत लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं. माऊलीच्या ट्रॉलीची दांडी त्यांनी बघितली होती. तिचं तोंड असंच होतं, स्वच्छ आणि कोरडं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानं स्वतःच्या तोंडानं संन्याशाचं नाव सांगितलं होतं, आणि वर त्यालाच कबुली द्यायला धाडलं होतं. दिनकरराव तिथंच मातीत बसले. निकितानं इंजिन बंद केलं, पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. रडायलाही येईना. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं ते मोठ्यानं म्हणाले, आणि पोरीनं ते ऐकलं याची त्यांना लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरनं पूर्ण्याला गेले. वाटभर एकच मनात होतं. बन्सी शिव्या देईल, गचांडी धरील, देऊ दे. चार हमालांसमोर चपलेनं मारलं तरी खाली मान घालून घ्यायचं. तेवढं झालं तर निदान त्याचं त्याला परत मिळेल.

बन्सी वॅगनमधून सिमेंट उतरवत होता. भुवया, मिशा, सगळं पांढरं. थोरल्याला बघून त्यानं हात झटकले आणि आधी पाय धरले. मग टपरीवर नेऊन चहा सांगितला, निकिताचं विचारलं, वहिनीचं विचारलं. दिनकररावांनी मधेच तोडून सगळं सांगितलं. मीटर, चुंबक, दोन जोड, हातोडा, कानातली कळ. काही आडपडदा ठेवला नाही.

बन्सी ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो किंचित हसला आणि म्हणाला, की असली मीटरं काय, चिनी माल, आज एक दाखवतंय उद्या एक.

"मीटर न्हाई चुकलं, बन्सी. मी चुकलो. तुझा हात बरोबर व्हता. माऊली माझ्या रेसमुळं गेला."

बन्सीनं कप खाली ठेवला आणि थोरल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, घरातल्या म्हाताऱ्याची समजूत काढताना ठेवतात तसा.

"दादा, तुमी माझी लय फिकीर करता म्हून असं सुचायलंय. पर मी किशनरावांच्या पायावर डोकं ठेवून कबूल केलंय. माझी चूक नसती, तर तुमी मला तिथं धाडलं असतं व्हय?"

दिनकरराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं टोमणा नव्हता, राग नव्हता. तो खरंच विचारत होता. थोरल्यानं धाडलं म्हणजे चूक आपलीच, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं पूर्ण्यातले सगळे दिवस काढले होते, आणि ती काढून घेतली तर त्याच्या हाती काय उरणार होतं, हे आता दिनकररावांनाही सांगता येईना. मी किशनरावांकडं जातो, देवळापुढं उभा राहून सांगतो, असं ते म्हणाले. बन्सीनं हात जोडले. नका, म्हणाला. त्या माणसाची जखम आत्ता कुठं भरायला लागलीय. आणि गाव म्हणेल, भाऊ वाचवायला दिनकरराव खोटं बोलायलेत.

मुकादमानं हाक मारली. बन्सीनं चहाचे पैसे दिले, पुन्हा पाय धरले आणि वॅगनकडं गेला. पाठीवर गोणी चढली. दिनकरराव धक्क्याच्या कडेपर्यंत मागं गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, की चूक माझी होती, बन्सीची नव्हती. हमाल थांबून बघायला लागले. बन्सीनं गोणीखालून मान वळवली, आजारी माणसाला म्हणतात तसं हलक्या आवाजात हो दादा, हो, म्हणाला, आणि गोणी घेऊन आत गेला.