तिसरा रकाना

"सहा मिनिटं, चार सेकंद," असं म्हणत शहाजीने मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं आणि खुर्ची मागे ढकलली. "आणि साईज बघा की चाचा. अठरा जीबीचं चारशे एमबी झालं. तुमचं कुठवर आलंय?"

लालसाब नदाफच्या मशीनवरची हिरवी पट्टी अजून पाव हिस्साही सरकली नव्हती. चालू आहे, एवढंच तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

चादरींच्या त्या कारखान्यात डिझाईन खात्याने असली शर्यत कधी पाहिली नव्हती. सर्व्हरवरची जागा भरत आली होती आणि जुन्या नक्ष्यांच्या फाईली आवळून लहान करायच्या होत्या. हे काम लालसाब एका साध्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं करत होता. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून शिकून आलेला मालकांचा पुतण्या शहाजी मॅनेजर झाला आणि त्याने नवं सॉफ्टवेअर आणलं. शंभर नक्ष्यांचं एकच फोल्डर दोन्हींना द्यायचं, कोण लवकर आवळतं आणि कोण जास्त लहान करतं ते बघायचं, असं ठरलं. मालक स्वतः चहाचा कप हातात घेऊन उभे होते. ऑफिसातल्या विजयमालाबाई कागदावर रकाने आखून बसल्या होत्या. पहिल्यात सॉफ्टवेअरचं नाव आणि वेळ, दुसऱ्यात साईज.

एकतीस मिनिटांनी लालसाबचं काम झालं. अठराचे अकरा जीबी. शहाजी हसला नाही, पण हसू दाबल्याचं सगळ्यांना दिसेल अशी काळजी त्याने घेतली. विजयमालाबाईंनी आकडे लिहिले. लालसाबने मात्र आवळलेली फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा मोकळी करायला घेतली. आता हे काय, असं मालकांनी विचारलं.

"परतवाचणी, मालक. अजून वीस मिन्टं लागतील."

मालकांनी कप खाली ठेवला. शहाजी म्हणाला, की एवढ्यात आपल्याकडे आठशे नक्ष्या आवळून झाल्या असत्या. त्याचा हिशोब बरोबरच होता.

परतवाचणी हा शब्द शहाजीच्या कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. लालसाबला तो एकोणिसाव्या वर्षी ईश्वरप्पा मास्तरांनी शिकवला होता. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मास्तर चौकटीच्या मोठ्या कागदावर नक्षी काढायचे. एक चौकोन म्हणजे एक धागा. लाल भरला तर धागा वर, कोरा सोडला तर खाली. मग समोरासमोर बसून मास्तर ओळ वाचायचे, "दोन भर, तीन सोड, एक भर," आणि लालसाब पुठ्ठ्याच्या कार्डाला त्याप्रमाणे भोकं पाडायचा. ओळ संपली की कार्ड उचलून लालसाबने भोकं बघत उलट मास्तरांना वाचून दाखवायचं आणि मास्तरांनी कागदावर बोट ठेवून पडताळायचं. जुळलं तरच ते कार्ड मागावर चढायचं. एकदा मागावरचे लोक खोळंबले म्हणून लालसाबने चार कार्डं न वाचताच पुढे दिली. मास्तरांनी चालता माग बंद करायला लावला, चारही कार्डं उतरवली आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "लाल्या, गेलेलं परत आलं का ते बघितल्याबिगर काम झालं म्हणू नगंस." त्या दिवशी लालसाबला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे अडतीस वर्षं ते वाक्य त्याच्या अंगात मुरलं.

मास्तर वारले. कार्डं जाऊन कॉम्प्युटर आला. गोदामात वाळवी लागली तेव्हा मास्तरांच्या दोन हजार दोनशे नक्ष्या स्कॅन करायचं काम लालसाबने अंगावर घेतलं. चार वर्षं लागली. एकेक चौकोन वेगळा दिसेल इतकं बारीक स्कॅनिंग त्याने केलं, म्हणून तर फाईली एवढ्या जड झाल्या. काम संपलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कागद रद्दीत गेले. आता सगळं कॉम्प्युटरात आहे की, असं मालक म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. तरी त्या दिवशी लालसाब रद्दीचा टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभा राहिला होता.

वीस मिनिटांनी परतवाचणी झाली. शंभरच्या शंभर फाईली जशाच्या तशा परत आल्या होत्या. लालसाब उठला, विजयमालाबाईंकडून पेन मागून घेतलं आणि त्यांच्या कागदावर साईजच्या पुढे तिसरा रकाना आखला. त्यावर लिहिलं, "परत आलं का?" स्वतःच्या ओळीत त्याने "हो" लिहिलं आणि पेन शहाजीपुढे धरलं.

शहाजीने पेन घेतलं नाही. त्याने एक फाईल उघडून पडद्यावर दाखवली. कमळं होती, कमळांत सोंड उचललेला हत्ती होता. मालक म्हणाले, दिसतंय की व्यवस्थित. जरा मोठं करून बघूया, असं लालसाब म्हणत होता तेवढ्यात मालकांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाहेर गेले आणि त्यांच्या मागे शहाजीही गेला. नव्या सॉफ्टवेअरसमोरचा तिसरा रकाना कोराच राहिला. शहाजी निघताना लालसाबने त्याला एवढंच विनवलं, की काहीही करा, पण मूळ फाईली काढू नका. शहाजी म्हणाला, हो हो.

हो हो म्हणायला त्याचं काय जात होतं? पुढच्या रविवारी, लालसाबची सुट्टी असताना, त्याने सगळ्या नक्ष्या नव्या सॉफ्टवेअरमधून काढल्या. काम झाल्यावर मूळ फाईल पुसून टाकायची का, असं ते सॉफ्टवेअर विचारत होतं. शहाजीने होकाराची खूण केली आणि शर्यतीत लालसाबने आवळलेली शंभर नक्ष्यांची फाईलही जागा मोकळी करायला काढून टाकली. लालसाबने कपाटात जपून ठेवलेल्या दोन जुन्या हार्ड डिस्कही त्याने कोऱ्या केल्या आणि सीसीटीव्हीच्या डब्यात बसवल्या. मास्तरांच्या नक्ष्या जिथे होत्या तिथे आता कारखान्याचं फाटक दिसायला लागलं. चोवीस तास, बंद फाटक. सोमवारी कपाटातली मोकळी फळी पाहून लालसाबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने शहाजीला गाठलं. शहाजी म्हणाला, अहो चाचा, सगळं आहे की सर्व्हरवर, उगाच कशाला डोक्याला ताप? लालसाबने घाईघाईने एक फाईल उघडून मोठी केली. मग दुसरी. मग दहा-बारा. मग तो मशीन बंद करून बाहेर चिंचेखाली जाऊन बसला.

नव्या सॉफ्टवेअरने फाईली आवळल्या नव्हत्याच. त्याने चित्रं पडद्याच्या मापाची केली होती. हत्ती दिसत होता, कमळ दिसत होतं, पण चौकोन गेले होते. जिथे धागा वर की खाली हे कळायला हवं तिथे नुसता गुलाबी चिखल झाला होता. भिंतीवर लावायला चित्र चांगलं होतं. त्यावरून चादर विणता येणार नव्हती. त्याने त्याच दिवशी मालकांना जाऊन सांगितलं. मालक घाईत होते. बघू, म्हणाले.

बघायची वेळ तीन महिन्यांनी आली. हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याला जुनी हत्ती-कमळाची चादर हवी होती. त्याच्या आजीच्या घरी होती म्हणे. तीच नक्षी, तशीच, सहाशे नग. शहाजीने फाईल मागाच्या मशीनला दिली आणि मशीनने ती घेतलीच नाही. मग धावाधाव झाली. पुण्याला फोन झाले. पुण्याच्या माणसाने शांतपणे सांगितलं, की आमचं सॉफ्टवेअर फोटो लहान करायचं आहे, आणि गेलेला बारकावा परत येत नसतो.

एवढं झाल्यावर माणसाने निदान मान खाली घालावी. शहाजीने मान खाली घातली ती एका पत्राचा मजकूर टाईप करायला. दुपारी लालसाबला मालकांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता आणि त्यावर त्याचं नाव होतं. मूळ स्कॅनिंग निकृष्ट दर्जाचं झाल्यामुळे नक्ष्या निकामी झाल्या, ही माझी चूक मला मान्य आहे, असा मजकूर. गिऱ्हाइकाला आणि बाकीच्या भागीदारांना काहीतरी दाखवायला हवं, असं मालक म्हणाले. तुम्हाला दोन महिन्यांनी रिटायर व्हायचंच आहे, तुमचं काही अडणार नाही. शहाजी खिडकीकडे बघत होता.

लालसाबने कागद दोनदा वाचला. त्याचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. कागद त्याने मालकांच्या बाजूला सरकवला.

"मालक, माझ्या हातनं लई चुका झाल्यात. ही झाली न्हाय. चार वर्षं मी एकेक चौकोन बघितलाय. हितं सही केली तर मास्तरांनी मला जे शिकीवलं ते खोटं हाय, असं मी लिहून दिल्यासारखं हुईल. तेवढं करणार न्हाय. काढून टाका मला आजच."

शहाजी म्हणाला, पुरावा काय की स्कॅनिंग चांगलं होतं? पुरावा त्यानेच पुसला होता आणि तोच मागत होता.

तेव्हा दाराशी उभ्या विजयमालाबाई आत आल्या. त्यांच्या हातात फाईल होती, तिच्यातून त्यांनी एक कागद काढला आणि मालकांपुढे, त्या पत्रावरच ठेवला. त्या दिवसाची तारीख, दोन सॉफ्टवेअरची नावं, वेळ, साईज, आणि हाताने आखलेला तिसरा रकाना. एका ओळीत "हो". दुसरी ओळ कोरी.

मालकांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. शहाजीने मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. शेवटी मालकांनी खालचं पत्र ओढून घेतलं, दुमडलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. राहू दे हे, म्हणाले. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. लालसाब दारापर्यंत गेल्यावर मालकांनी मागून विचारलं, की ती चादर कुणाकडे असेल का हो? कारखान्याने स्वतःकडे एकही नग ठेवला नव्हता.

लालसाबकडे होती. मागावरून उतरलेली पहिली चादर मास्तरांनी त्याच्या लग्नात दिली होती. नाही म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क होता आणि केबिनपासून फाटकापर्यंत तो मनात नाहीच म्हणत होता. फाटकात वर लावलेल्या कॅमेऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. मग तो मागे फिरला आणि बघतो, एवढं सांगून आला.

रविवारी सकाळी त्याच्या बायकोने, इमामबीने, ट्रंकेतली चादर काढून अंगणातल्या बाजेवर पसरली. लालसाबने सूत मोजायचं भिंग घेतलं, चौकटीचा कागद मांडीवर घेतला आणि खालच्या काठापासून सुरुवात केली. दोन भर, तीन सोड, एक भर. ओळ झाली की तो कागद समोर धरायचा आणि इमामबी चादरीवर बोट ठेवायची. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तो कागदावरून म्हणायचा, ती धाग्यावरून बघायची. दोनदा तिने त्याला थांबवलं आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर निघालं. मास्तर असते तर तिला त्यांनी खात्यात घेतलं असतं, असं तो म्हणाला, तेव्हा ती लाजली.

दुपारपर्यंत अकरा ओळी झाल्या. पूर्ण नक्षी चौदाशे ओळींची होती आणि बाकीच्या दोन हजार एकशे नव्याण्णव नक्ष्यांच्या चादरी कुठे, कुणाच्या घरात विरल्या असतील, कुणास ठाऊक. हे त्याला माहीत होतं.

आठवडे गेले तशी नक्षी वर सरकत हत्तीच्या डोक्यापर्यंत आली. तिथे चादर जळालेली होती. लेकीच्या, सनाच्या, जन्माच्या वेळी शेकाच्या शेगडीतला निखारा पडला होता, त्याचं वाटाण्याएवढं भोक. हत्तीचा डोळा नेमका त्या भोकात गेला होता. चौदा चौकोन. डोळा होता एवढं लालसाबला आठवत होतं. त्यातले किती भरलेले आणि किती सोडलेले, ते आठवेना. तो भिंग लावून भोकाच्या कडा बघत बसला.

"भर देओ जी," इमामबी हळूच म्हणाली. "कोन देखने बैठ्या?"

लालसाबने मान हलवली. पेन्सिलीने त्या चौदा चौकोनांभोवती बारीक रेघ मारली, आत काही भरलं नाही, आणि पलीकडच्या धाग्यापासून पुढची वाचणी सुरू केली.