बेडकांच्या खुनाची वही

"आजोबा, परवा संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होता?"

"चंद्रावर गेलो होतो. गवत कापायला."

नातीने वहीत लिहून घेतलं. "साक्षीदार उडवाउडवीची उत्तरं देतो."

माळ्याने खुरपं आपटलं. डोक्याला ताप नुसता! या सार्वजनिक बागेत एकतीस वर्षं काढली, चार साहेब पाहिले, सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, तीन महिन्यांनी निवृत्ती; आणि आता ही अकरा वर्षांची फौजदारीण रोज शाळा सुटली की उलटतपासणीला हजर. कादंबरी लिहीत होती म्हणे. 'तळ्यातले खून'. त्यातही विनोदी. खून आणि विनोदी, घ्या! पहिल्याच पानावर माळ्याच्या मिशांना तिने खराटा म्हटलं होतं.

खून मात्र खरे होते. बागेच्या मधोमध असलेल्या तळ्यातले बेडूक गेल्या काही महिन्यांत एकेक करून उलटे तरंगायला लागले होते. पूर्वी घरी निघताना माळी काठावर टेकायचा, बेडूक कलकलाट करायचे, हा त्यांना चार शिव्या हासडायचा आणि मगच घरी जायचा. आता सगळं चिडीचूप. "मेलेलं तळं ठेवून करायचंय काय? महिनाअखेर बुजवू, गाड्या लावायला जागा होईल," असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून माळ्याला जेवण गोड लागत नव्हतं.

कादंबरीत पहिला संशय बागेतल्या बदकावर होता, दुसरा साहेबांवर, तिसरा भिंतीपलीकडच्या इस्त्रीवाल्यावर. हा तिसरा माळ्याला एकदम पटला. त्याने भर रस्त्यात इस्त्रीवाल्याला झापलं, "तुझ्या साबणाच्या पाण्याने माझं तळं मारलंस!"

"अहो काका, मी कपडे धुतो कुठे? मी फक्त इस्त्री करतो!"

ऐकतो कोण? माळी दोन बोल आणखी सुनावूनच परतला.

त्यानंतर चार दिवस नात गप्प. प्रश्न नाही की तपास नाही. शनिवारी माळ्याने गुलाबांवर किडीचं औषध फवारलं आणि नेहमीप्रमाणे नळावर पंप धुवायला घेतला. तीन पाण्याने धुवायचा त्याचा शिरस्ता होता. ज्याने काम शिकवलं त्या म्हाताऱ्या माळ्याने बजावलं होतं, पंप असा धू की त्यात दूध ओतून पिता आलं पाहिजे. नात जवळच वही मिटून बसली होती.

"काय फौजदारीणबाई, तपास थंडावला?"

"मला नाही लिहायची कादंबरी."

"आता? शेवटच्या प्रकरणाला कच खातेस? तिकडे साहेब तळं बुजवायला निघालाय!"

"बुजवू दे."

माळ्याचा पारा चढला. ओल्या हातानेच त्याने वही ओढून घेतली. शेवटच्या पानावर बागेचा नकाशा होता. नळ, बाक, इस्त्रीचं दुकान, तळं, सगळं जागच्या जागी. फक्त नळ आणि तळ्याच्या मधली एक रेघ खोडरबराने इतकी घासली होती की कागदाला भोक पडलं होतं.

तिथे काय होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गेल्या उन्हाळ्यात तळं आटायला लागलं, तेव्हा नळाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तिथे चर खणला होता. साहेबांनी पाठ थोपटली होती. त्याने खाली पाहिलं. पंपातलं पांढुरकं पाणी त्या चरातून सावकाश तळ्याकडे चाललं होतं.

माळ्याने घाईघाईने नळ बंद केला.

"मी बदकाचं नाव लिहिते ना," नात रडत म्हणाली. "विनोदी आहे, चालतं. तुम्हाला लाल शेरा नको मिळायला."

"बदकाने काय तुझं घोडं मारलंय? आधी त्या गरीब इस्त्रीवाल्याच्या माथी मारलं, आता बदकाच्या?" माळी खेकसला, पण राग सगळा स्वतःवरच होता. "लिही. माळ्याने केलं. एकतीस वर्षांचा अनुभव आणि खुरप्याएवढीसुद्धा अक्कल नाही."

"पण तो गोष्टीतला चांगला माणूस आहे."

"मग चांगल्या माणसाने केलं असं लिही. मिशांसकट लिही."

त्याने फावडं घेतलं आणि चर बुजवला. मग वही घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. "तळं बुजवू नका, साहेब. चूक माझी आहे, तळ्याची नाही."

साहेबांनी नकाशा पाहिला. "पाणी बदलून सहा महिने बघू. पण शेरा मारावा लागेल."

"मारा."

परतताना तो इस्त्रीच्या दुकानापुढे थांबला आणि हात जोडले. इस्त्रीवाल्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

संध्याकाळी आजोबा आणि नात तळ्याच्या काठी बसले.

"शेवट काय लिहू?" तिने विचारलं.

"थांब जरा. ऐकू दे."

तळ्यात काहीच हललं नाही. सवयीने त्याने एक शिवी हासडली, पण हळू आवाजात, आणि उत्तराची वाट बघत बसला.