पिवळ्या कॅसेटचे अभिप्राय

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावर, रघु म्हात्रेच्या दुकानात एक जाड वही सुतळीने खिळ्याला बांधलेली असे. रघु व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्याने देई, आणि त्याचा नियम असा, की कॅसेट परत करताना गिऱ्हाइकाने त्या वहीत दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा. अभिप्राय नाही तर पुढची कॅसेट नाही. यामागे साहित्यप्रेम मुळीच नव्हते. रघुला स्वतःला खेळता येत नसे; रिमोट हाती घेतला की त्याचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडे. म्हणून कोणती कॅसेट ठेवायची आणि कोणती महिन्याच्या पहिल्या रविवारी लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्याकडे बदलून आणायची, हे तो वही वाचून ठरवी. "आपल्याकडे लोकशाही आहे," असे तो म्हणे.

पिवळ्या कॅसेटबद्दल लोकशाहीचा कौल स्पष्ट होता. तिच्यावरची चिठ्ठी जपानी, आतला शब्दन्‌शब्द जपानी. चिठ्ठीवर चार वाटसरू कुठल्याशा पुलावर उभे होते, म्हणून दुकानात तिचे नाव पडले होते 'चौघे'. वहीत तिच्यापुढे एकेका अक्षरात वैताग उतरला होता. 'नुसतं चालायचं आणि बोलायचं. बंदूक नाही.' 'राजा काय बोलतो ते राजालाच ठाऊक.' 'म्युझिक बरं आहे, आईला आवडलं.' आणि एकाने लिहिले होते, 'दोन तास चाललो, कुठेही पोचलो नाही.' ही शेवटची ओळ गोविंदाला फार आवडे. आपल्याला ती का सुचली नाही, असे त्याला दर वेळी वाटे.

गोविंदा खारकर तेवीस वर्षांचा होता. मराठी घेऊन बी.ए. झाला होता, एम.ए. दोन सत्रांत सोडले होते, आणि त्याच्या कपाटात कवितांच्या सात वह्या होत्या, ज्यांत पहिल्या ओळी पुष्कळ आणि शेवटच्या ओळी जवळजवळ नव्हत्या. सुरू करणे त्याला नेहमीच जमे. संपवणे आले की पायाला मुंग्या येत, मनाला खाज सुटे, तो उठून खिडकीपाशी जाई आणि परत येईपर्यंत ओळ मेलेली असे. थोरली बहीण सुमती ठाण्याच्या टेलिफोन कचेरीत नोकरीला होती. गेल्या वर्षीच्या दिवाळी बोनसमधून तिनेच ते खेळायचे मशीन आणले होते. तिची कामाची पाळी संपेपर्यंत दुपारचा टीव्ही गोविंदाचा. आता तिनेच ओळखीने त्याच्यासाठी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्कची जागा पाहून ठेवली होती. एक डिसेंबरपासून रुजू व्हायचे. म्हणजे दुपारी संपल्या.

आणि त्या संपण्याआधी त्याला एक गोष्ट शेवटाला न्यायची होती. फक्त एक.

'चौघे' तो एक्केचाळीस तास खेळला होता. भाषेचा गंध नसताना, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा त्याने तो खेळ बोटांनी वाचला होता: कोणती कुपी जखम भरते, कोणते चिन्ह म्हणजे 'हो', कोणत्या म्हाताऱ्याचे ऐकायचे. त्याच ओघात त्याला एक गुपित सापडले होते. रघुच्या बाकीच्या कॅसेटी मशीन बंद होताच सारे विसरत. ही विसरत नसे. गावोगावच्या देवळांत एक पांढऱ्या दाढीचा पुजारी असे. त्याच्याशी बोलले, तो काही विचारी त्याला 'हो' म्हटले, की खेळ तेवढ्यावर टिकून राही. जागा मात्र एकाच खेळाची होती; दुसऱ्या कुणी नव्याने सुरुवात करून पुजाऱ्याला 'हो' म्हटले, तर आधीचा पुसला जाई. गोविंदाने हे कुणालाही सांगितले नव्हते. सांगितले की लोक पुजाऱ्याला शोधत जातील, ही त्याची भीती. नाहीतरी जो कुणी कॅसेट नेई तो तासा-दोन तासांत कंटाळून परत आणी. चौघे शेवटच्या गुहेच्या तोंडाशी सुखरूप उभे होते.

अशात एका शनिवारी रघु म्हणाला, "गोविंदा, उद्या मुंबईला चाललोय. चौघांना पोचवून येतो."

"पोचवून म्हणजे?"

"म्हणजे बदलून रे. वही बघ ना. तुझ्याशिवाय एकाचंही मत धड नाही. आणि तुझं मत मला कळत नाही."

गोविंदाने लिहिले होते, 'हा खेळ नसून विरहाची तालीम आहे.' रघुने त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते.

"मग आज मला दे. रात्रीतून संपवतो."

"लागोपाठ दोनदा एकच कॅसेट नाही, नियम आहे. कालच आणून दिलीस ना?"

"मी विकत घेतो."

"विकत घेऊन मला काय? तिच्या बदल्यात मला मारामारीची नवी मिळतेय. अख्खं रामनगर मागतंय." रघुने स्टूल पुढे सरकवले. "बस जरा. जेवून येतो."

रघु जेवायला घरी गेला की दुकानावर गोविंदाच बसे. ग्रॅज्युएट माणूस म्हणून रघुचा त्याच्यावर विश्वास होता. त्या दुपारी रस्ता सुस्त होता. गोविंदाचा उजवा पाय आपल्याआपण हलत होता. त्याने वही ओढली, पेन उघडले आणि प्रथम ठाकुर्लीचा भिवाजी जन्माला घातला, पोक्त, कंसात 'निवृत्त' असा: 'शेवटच्या गुहेपलीकडे समुद्र उघडतो आणि चौघे आपल्या गावी परततात. तो क्षण पाहिला की सगळं चालणं सार्थकी लागतं.' मग हिरव्या शाईत विष्णुनगरची जया: 'इतकं सुंदर काही मी टीव्हीवर पाहिलं नव्हतं. मैत्रिणींनाही सांगितलं आहे.' मग डाव्या हाताने धाकू: 'एक नंबर. परत नेनार.'

गुहेपलीकडे काय आहे हे गोविंदाला ठाऊक नव्हते. पण परतण्याजोगे गाव उरलेले नाही, हे ठाऊक होते. चौघांनी वेशीबाहेरचा पूल ओलांडला की मागे धूर उठतो. वळून आले तर विहीर तीच, देऊळ तेच, माणूस एक नाही. ते पहिल्यांदा पाहिले त्या दुपारी तो जेवला नव्हता. तरी त्याने लिहिले, आणि लिहिताना त्याला वर्षानुवर्षे न लाभलेला आनंद झाला. स्वतःचा एक आवाज शोधून थकलेल्या माणसाला एका तासात तीन सापडले होते.

रघु परतला, वही पाहून थबकला. "हा भिवाजी कोण रे?"

"परवा संध्याकाळी आलेला तो. चष्मेवाला."

"डोंबिवलीत चष्म्याशिवाय आहे कोण?" रघु ओळी पुन्हा वाचू लागला. त्याचे ओठ हलत होते. "समुद्र उघडतो म्हणे... च्यायला, मी उगाच देत होतो की."

कॅसेट राहिली. गोविंदा सोमवारी ती आणायला गेला, तर कप्पा रिकामा.

"दामाजीमामा घेऊन गेला," रघु म्हणाला. "दिवा गावातला, आमचा मामा. आधी खारीवर मिठागरात असायचा. आता जागेवर बिल्डिंगी झाल्यात, मुलाने फ्लॅटमध्ये टीव्ही, मशीन सगळं आणून दिलंय, आणि मुलगा दिवसभर बाहेर. मी भिवाजीचं वाचून दाखवलं, तर म्हातारा म्हणाला, दे. त्याच्यामागे अजून चार जणांचे नंबर लागलेत. काय जादू झाली कळत नाही, पण वही वाचून लोक मागायला लागलेत."

बुधवारी कॅसेट आली नाही. शुक्रवारी मामाने निरोप पाठवून मुदत वाढवली. मामाला नियम लागू नव्हता. गोविंदा दिवसातून तीनदा दुकानावरून जाई, एकदा पेपर आणायच्या निमित्ताने, एकदा साबणाच्या, एकदा कसल्याच नाही. दुपारी टीव्हीसमोर बसे, काळ्या काचेत आपलेच गुडघे पाही, उठे. सुमती एकदा म्हणाली, "अरे, कोंडलेल्या मांजरासारखा काय फिरतोस? शर्ट शिवायला टाकलास का? एक तारखेला काय चौकडीच्या लुंगीत जाणारेस?" त्याने शर्ट टाकला. शिंप्याने माप घेताना सांगितले, जरा स्थिर उभे राहा.

नवव्या दिवशी तो पोचला, तेव्हा रघुने त्याच्यापुढे वहीच सरकवली. "बघ, मामा सकाळी आलाय. बाजारात गेलाय, येईल आता. त्याने पण लिहिलंय."

अक्षर मोठे, एकेक सुटे, मिठाच्या खड्यांसारखे. 'गाव चांगलं हाय. विहीर हाय, शेत हाय. मानसं रोज तेच बोलतात पन बोलतात. देवलातला बाबा रोज कायतरी इचारतो. मी हो बोलतो. दामाजी केणे, दिवा.'

गोविंदाने ते दोनदा वाचले. मी हो बोलतो. रघुकडच्या एकात शंभर खेळांच्या कॅसेटींवर आधी हे बटण, मग ते, अशी दोन बटणे ओळीने दाबायची सवय सगळ्यांनाच होती. याही कॅसेटवर तसेच दाबले की खेळ नव्याने सुरू होई. म्हाताऱ्याने तेच केले असणार. मग माणुसकी म्हणून गावातल्या प्रत्येकाशी बोलला असणार. एक्केचाळीस तास, पाच आठवड्यांच्या दुपारी, गुहेचे तोंड, सारे एका 'हो'मध्ये गेले होते. 'बाबाशी बोलू नका' एवढी एक ओळ त्याने त्या दिवशी लिहिली असती तर! तीन माणसे लिहिली, ती एक ओळ लिहिली नाही.

तेवढ्यात दामाजी पायरी चढला. उंच, वाळलेला, मिठाने वर्षानुवर्षे खाल्लेली फुटकी पावले, हातात जिताडा माशाची पिशवी. पिवळी कॅसेट सदऱ्याच्या खिशात.

"मामा, हा गोविंदा," रघु म्हणाला. "सगळ्यात जास्त हाच खेळलाय."

"तू काय? बरा झाला गावलास." दामाजी स्टुलावर टेकला. "मना येक सांग. वेशीभायेर पूल हाय. त्यो मी वलांडला नाय अजून. वलांडला तं गाव रातं का? ह्या भिवाजीनं लिवलंय का चौघं परत गावान येतान. म्हंजे रातं. मी त्याला हुडकतोय ठाकुर्लीत, कोनला म्हाईत नाय."

गोविंदाच्या घशाशी एक 'हो' येऊन उभा राहिला. किती सोपा होता तो. म्हातारा पूल ओलांडेल, मागे वळून पाहील, आणि ज्याने आपले सगळे पुसले त्याचेही सगळे जळेल. त्याचा पाय पुन्हा हलू लागला. दामाजी वाट पाहत होता. मान किंचित पुढे, ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखी.

"नाही राहत," गोविंदा म्हणाला. "पूल ओलांडला की गाव जळतं, मामा. परत आलात तर विहीर असते. माणसं नसतात."

"मंग भिवाजी?"

"भिवाजी कुणी नाही. ते मी लिहिलं. जया आणि धाकू पण मीच."

रघुच्या हातातला फडका थांबला. "आयला! आणि तो चष्मेवाला?"

"चष्मा माझाच."

"म्हणजे मी महिनाभर ह्याला वाचायला वही दिली, आणि हा..." रघुने वही फाडकन मिटली. "आणि वर ग्रॅज्युएट!"

दामाजी रागावला नाही. तो दोन गोष्टी दोन हातांत तोलल्यासारखा बसला होता. "म्हंजे चौघं परत येतान, ते खोटं. गाव जलतं, ते खरं. दोनी तूच सांगतोस. मी कनचं धरू?"

जळलेले गाव गोविंदाने डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते दाखवता येईल अशी जगात एकच जागा होती. ती म्हाताऱ्याच्या खिशात होती आणि आता तिथे शेत हिरवे होते.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो शेवटी म्हणाला. "स्वतः बघा. पण असं करा. आधी देवळात बाबाला भेटून घ्या. मग पूल ओलांडा. पलीकडे गेल्यावर दुसऱ्या कुठल्याच देवळात पाय टाकू नका, कुणी विचारलं तरी हो म्हणू नका. धूर दिसला की मशीन बंद. पुन्हा चालू कराल तेव्हा गाव होतं तसंच मिळेल. बाबा ते लक्षात ठेवतो. शेवटी जो हो म्हणेल त्याचं गाव."

"बंद केलं का परत सगला?"

"सगळं."

दामाजीने खिशावरून हात फिरवला. मग त्याची बोटे तिथेच थांबली. "शेवटी जो हो बोलंल त्याचं... म्हंजे मी यायच्या आधी कोनाचं व्हतं का त्यात? मी पुसलं कोनाचं?"

रघुने गोविंदाकडे पाहिले. पाच आठवडे हा माणूस दर दोन-तीन दिवसांनी तीच एक कॅसेट का नेत होता, हे त्याला त्या क्षणी कळले असावे. त्याने तोंड उघडले.

"नाही मामा," गोविंदा त्याच्या आधी म्हणाला. "रिकामंच होतं."

दामाजीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "हे खरं दिसतं," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून उठला. "रघ्या, आठ दिस अजून ठेवतो रं."

तो पायऱ्या उतरून गेला. रघु काही विचारणार तेवढ्यात गोविंदाही बाहेर पडला. दुपारचे दोन वाजले होते, घरी टीव्ही मोकळा होता, पण संपवायला आता काही उरले नव्हते. आपली इमारत आली तेव्हा त्याने जिन्याकडे पाहिले आणि न थांबता पुढे चालत राहिला, शिंप्याचे दुकान मागे टाकून, डोंबिवलीच्याच कारखान्यांच्या बाजूला, भराभर, कुणी कुठे बोलावले असल्यासारखा.