आजींची रजा

"आणि तुझी मुलगी कोण सांभाळतं?"

मुलाखतीत हा प्रश्न ठरलेला नव्हता. नवऱ्याने ठरवून ठेवलेले प्रश्न संपले होते: अनुभव आहे का, ताप आला तर काय करशील, मोबाइल किती बघतेस. समोरच्या मुलीने सगळ्यांची उत्तरं बरोबर दिली होती आणि बोलता बोलता बाळाला खांद्यावर टाकून त्याची ढेकरही काढली होती. घरातल्या दोन पदवीधरांना ती सकाळपासून काढता आली नव्हती.

"एका आजींकडे ठेवते, ताई," ती म्हणाली. "आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. पैसे घेतात, पण पोर हसत परत मिळतं."

"म्हणजे तू आमचं सांभाळणार, आजी तुझं सांभाळणार. आणि आजींचं?"

"त्यांचं मोठं झालं की. कुठेतरी गाडीवर असतं म्हणे."

बाळाची आई समाधानाने मागे टेकली. एखाद्या गोष्टीचा शेवट कुठे आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. रंगाच्या कारखान्यात ती शेड जुळवायचं काम करी, आणि तिथे सगळे तिला शेडवाली म्हणत. गिऱ्हाईक भिंतीचा एक टवका घेऊन येतं, "अगदी असाच पांढरा पाहिजे" म्हणतं. नुसता पांढरा असा रंग जगात नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेडवाली टवका खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरी आणि त्यात काय काय मिसळलंय ते सांगे. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा साहेबांनी रंग मोजणारं एक यंत्र आणून तिच्या टेबलावर ठेवलं. यंत्राला तिच्याइतकं दिसत नव्हतं. पण यंत्राला मुलं होत नाहीत, हा त्याचा मुख्य गुण होता.

तेव्हा परत जाणं भाग होतं, आणि लवकर.

पाळणाघरं बघून झाली होती. त्यातल्या बऱ्याशा पाळणाघरातल्या बाईंनी फीचा आकडा सांगायच्या आधी पाण्याचा ग्लास पुढे केला होता. नवऱ्याने घरी येऊन ती फी शेडवालीच्या पगारातून वजा करून दाखवली. जे उरलं त्यात तिचं बसभाडं आणि फार तर एक छत्री आली असती. फी आपण नेहमी तिच्याच पगारातून वजा करतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. खरं तर तिच्याही आलं नाही. वजाबाकी बरोबर असली की माणूस पुढचं बघत नाही.

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि त्याच्या स्वतःच्या पायाशी एक. समोरचा काहीही करो, गाडी थांबवायचा अधिकार आपल्याकडे, ही सवय त्याने घरीही आणली होती.

सासूबाईंचा विषय त्याआधीच निकालात निघाला होता. त्या बाजारापलीकडे आपल्या खोलीत एकट्या राहत. बाळ व्हायच्या आधीपासून नवरा सगळ्यांना सांगत होता, "सांभाळायची चिंताच नाही. आई आहेच." दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने ते आईलाही सांगितलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझे गुडघे." एवढंच. वाक्यसुद्धा पूर्ण केलं नाही. बाळासाठी स्वतः विणलेली टोपी मात्र ठेवून गेल्या.

म्हणून ही सांभाळणारी आली. पाळणाघरापेक्षा स्वस्त, म्हणजे छत्रीऐवजी बरीशी चप्पल येईल इतकी स्वस्त. आणि तिच्याबरोबर, न बघितलेल्या त्या आजीही घरात आल्या.

रोज संध्याकाळी शेडवाली दारातच विचारी, "बाळ जेवलं का? आणि आजी काय म्हणाल्या?"

बातम्या छान असत. आजी खोकलणारं मूल घेत नाहीत. आजी बोबडं बोलत नाहीत. "छकुली, आता मी चहा पिणार आहे, तू बघत बस," असं सांगतात आणि सांभाळणारीची छकुली खरंच बघत बसते. आजींनी स्वतःसाठी हातांची खुर्ची घेतलीय, त्यात दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. आणायला उशीर झाला तर आजी रागवत नाहीत, फक्त मुलाला चप्पल घालून दारात उभं करतात.

"चप्पल घालून?" शेडवाली हसत सुटली.

"आणि स्वतःपण घालतात, ताई. दोघी उभ्या. मग पुढच्या वेळी आपल्याला उशीर करायची हिंमत होत नाही."

नवऱ्यालाही या आजी पटल्या होत्या. "याला म्हणतात शिस्त," तो म्हणे. "नाहीतर आमच्या मातोश्री. गुडघे घेऊन बसल्यात."

मग एका संध्याकाळी सांभाळणारी जाताना दारात रेंगाळली. "ताई, आजींनी पैसे वाढवलेत. मलाही थोडे वाढवून मिळाले असते तर… नाहीतर मला परवडायचं नाही."

ती गेल्यावर नवऱ्याने ब्रेक दाबला. "झालं. आता तुझ्या पगारातून काहीच उरत नाही. महिनाअखेरीस राजीनामा देऊन टाक. तोट्यात नोकरी करतोय आपण."

"आपण?"

"तू."

 शेडवालीच्या डोळ्यांपुढे ते यंत्र आलं. साहेबांनी त्याला धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांचं कव्हर शिवून घेतलं होतं. "मी एकदा त्या आजींना भेटून येते," ती शेवटी म्हणाली. "मनातलं सांगून बघते."

"त्या ऐकणाऱ्यातल्या वाटत नाहीत," नवरा आदराने म्हणाला.

जायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांभाळणारी छकुलीला कडेवर घेऊनच हजर झाली. "आजचा दिवस चालेल ना, ताई? आजींनी रजा घेतलीय."

"चालेल की," असं म्हणत शेडवालीने डबा पिशवीत टाकला आणि छकुलीकडे पाहिलं. मग तिच्या टोपीकडे पाहिलं. मग डबा पिशवीतून बाहेर काढून ठेवला.

टोपी हिरवी होती. हिरवी आपली म्हणायची. रंगवताना पिवळा जरा जास्त पडलेला आणि तो झाकायला कुणीतरी भीत भीत निळा टाकलेला. बिघडलेली बॅच. असली लोकर दुकानदार कोपऱ्यात फेकतो आणि काटकसरी माणूस तिथून उचलतो. शेडवालीने बाळाच्या डोक्यावरची सासूबाईंनी विणलेली टोपी काढली, छकुलीची काढली, दोन्ही खिडकीशी नेल्या आणि उजेडात तिरक्या धरल्या. चांगला रंग दोन दुकानांत सारखा मिळू शकतो. बिघडलेला एकदाच बिघडतो.

"आजींनी रजा कशासाठी घेतलीय म्हणालीस?" तिने पाठमोरीच विचारलं.

"नातवाला पहिला दात आलाय म्हणे. बघायला जायचंय."

बाळाचा दात परवा दिसला होता, आणि नवऱ्याने तो फोनवर आईला सांगितला होता. शेडवालीने दोन्ही टोप्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर घातल्या. तेवढ्यात बेल वाजली.

नवऱ्याने दार उघडलं. सासूबाई आत आल्या, चप्पल काढली आणि मान वर करतात तोच छकुली जमिनीवरून दुडुदुडु निघाली ती थेट त्यांच्या गुडघ्यांना जाऊन बिलगली.

"आजी," सांभाळणारी म्हणाली, "तुम्ही इकडे कशा?"

"आई," नवरा म्हणाला, "ही तुला कशी ओळखते?"

सासूबाईंनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "कामाची ओळख आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

नवऱ्याला ते उलगडायला थोडा वेळ लागला. तोवर चहा झाला.

"लोकांची पोरं सांभाळतेस तू? पैसे घेऊन? आई, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, आजी, पाच मिनिटं उशीर होईल, चालेल का."

"आणि गुडघे?"

"आहेत की. पण तिथे ठरलेल्या वेळेत दुखतात. इथे घरचे म्हणून दुखले असते."

नवऱ्याने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला. अवघड वळणावर अचानक मोकळा रस्ता दिसावा तसं त्याला काहीतरी दिसलं होतं. "मग प्रश्नच मिटला. आई, तू इकडे ये. हिला पैसे द्यायला नकोत, तुला…"

बाळाला थोपटणारा सांभाळणारीचा हात थांबला. ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. एवढ्या छोट्या घरात दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती.

योजना चोख होती. आजी इकडे आल्या की सांभाळणारीला काम नाही. काम नाही म्हणजे ती घरी, छकुली घरी. सगळी मुलं आपापल्या घरी, सगळ्या बायका आपापल्या घरी, आणि कुणी कुणाला काही द्यायचं नाही. मग आजींच्या हातांच्या खुर्चीत निवांत धूळ बसली असती.

"विचारतोयस की सांगतोयस?" सासूबाईंनी विचारलं.

नवरा गोंधळला. "विचारतोय."

"मग नाही."

"अगं पण आई, तुझाच नातू आहे."

"म्हणून तर रजा टाकून आलेय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे बघ. तुला वाढवलं, तुझ्या काकाची दोन वाढवली, तुझ्या आजीला शेवटपर्यंत कुशीवर वळवलं. कुणी विचारलं नाही. ही घरीच असते, म्हणायचे. आता ही पोरगी रोज जाताना विचारते, आजी, उद्या आणू ना? मी हो म्हणते. पण नाही म्हणू शकते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. शेडवालीला घड्याळ दिसत होतं, पण आता बोललं नाही तर पुढे बोलायला नोकरी उरली नसती.

"आई, तुमचं सगळं पटतंय मला. पण तुम्ही पैसे वाढवलेत, म्हणून ही वाढवून मागतेय, आणि म्हणून माझी नोकरी जातेय."

सासूबाईंचा कप हवेतच राहिला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपण एका टोकाला धागा ओढला तर दुसऱ्या टोकाला कुणाचं काय उसवतं, हे विणणाऱ्यालासुद्धा बसल्या जागेवरून दिसत नाही.

"तुझी कशी जाते?" त्यांनी विचारलं.

"तिच्या पगारातून फी गेली की काही उरतच नाही, आई," नवरा समजावून सांगू लागला. "साधी वजाबाकी आहे."

"तिच्या पगारातून."

"हो."

"आणि तुझ्या?"

नवऱ्याने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

"मी पैसे कमी करणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "हिनेही करू नयेत. पण बाळाला बाप नाही असं धरून हिशेब चाललाय, हे मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. दाताचं तेवढं सांगितलं."

"अर्धे माझ्या पगारातून," शेडवाली म्हणाली, "अर्धे तुझ्या." 

टेबलाखाली नवऱ्याचा उजवा पाय हलला. तिथे काही नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं."

सासूबाई उठल्या, हात धुऊन आल्या आणि त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. "दाखव बघू," असं त्याला पूर्ण वाक्यात सांगून त्यांनी त्याच्या हिरडीवर बोट फिरवलं. दात होता. बाळाने या नव्या माणसाकडे टक लावून पाहिलं, बोटाला कडकडून चावा घेतला आणि मग भोकाड पसरून दोन्ही हात सांभाळणारीकडे केले.

"घे बाई," सासूबाई लगेच म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं. ज्याचा हात रोजचा, त्याचीच ओढ." त्यांनी पदराला बोट पुसलं. एका बोटाला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ पुसलं.

छकुली तेवढ्यात त्यांच्या मांडीवर चढली होती. "माझी आज रजा आहे," सासूबाईंनी तिला बजावलं. छकुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रजा तिथेच संपली.

शेडवालीने डबा पुन्हा पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि दारातून वळून पाहिलं. तिचं बाळ सांभाळणारीच्या कडेवर होतं. सांभाळणारीची मुलगी सासूबाईंच्या खांद्यावर होती. सासूबाईंचा मुलगा खोलीच्या मध्यभागी उभा होता.

"दादा, याचं दूध करायचंय," सांभाळणारी म्हणाली. "जरा धरता?"

नवऱ्याने मागे कुणी आहे का ते पाहिलं. मग हात पुढे केले, स्टिअरिंग धरतात तसे, दोन्ही बाजूंना सारखे.

बाळ रडायचं थांबलं. त्या हातांकडे ते बघू लागलं. डावीकडून, मग मान कलती करून उजवीकडून. टवका हातात घेतलेलं गिऱ्हाईक डब्यातल्या रंगाकडे बघतं तसं, हाच का आपला, अशा मुद्रेने.

शेडवालीला उशीर होत होता. तरी ती दारातच थांबली. बाळ त्या हातांत जातं का, ते तिला बघायचं होतं.