पाखरांचं पाणी

गोव्यात लाटंबार्सेतल्या आपल्या काजूच्या बागेत चंद्रावतीने एकवीस करवंट्या टांगल्या होत्या. सून विमला हिला दिवस गेले तेव्हा तिने ग्रामदेवी सातेरीला सांगणं केलं होतं, नवसच तो: बाळंतपण सुखरूप होईपर्यंत पाखरांचं पाणी एक दिवसही आटू देणार नाही. रोज आंघोळ करून, तोंडात घोटही न घेता, ती करवंट्यांत वरून भर घालायची.

वैशाखात गावात चिकुनगुनिया आला. शेजारची शालिनी काठी धरून चालू लागली. चंद्रावतीने घरातले हांडे-पिंपं घासून पालथी घातली, करवंट्यांना मात्र हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी आरोग्यवाल्यांनीच सांगितलं होतं ना, हा ताप घरातला डास आणतो, बागेतल्याचं एवढं भय नाही!

विमलाला नववा लागलेला. अशात रक्ताचे नमुने न्यायला प्रयोगशाळेतली सेजल आली. करवंटीत डोकावून ती म्हणाली, "काकी, यात अळ्या वळवळतात!"

"असूं दे गो. ते बागेतले, घरातले न्हय."

"तेव्हाचं खरं होतं. आता विषाणूच बदललाय. जवळजवळ बारा हजार अक्षरांची त्याच्या जनुकांची पोथी, नक्कल करताना चुका व्हायच्याच. एक अक्षर चुकलं आणि बागेतला डास त्याला मानवला. ऐन बाळंतपणात वहिनीला ताप असला तर बाळालाही बाधेल."

चंद्रावतीने स्वतः करवंटीत वाकून पाहिलं. करवंट्या पालथ्या घालाव्यात तर सांगणं मोडतं, ठेवाव्यात तर ज्यांच्यासाठी सांगणं तेच जीव धोक्यात.

दारातून विमला हळूच म्हणाली, "आई, तुम्ही देवीला पाणी कबूल केलंत. शिळं पाणी म्हणाला होतात काय?"

"जीभ बघा हिची!" म्हणता म्हणता चंद्रावतीला हसू फुटलं.

"नुसतं ओतू नका हां," सेजलने बजावलं. "अंडी कडेला चिकटतात. घासायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून चंद्रावती रोज सगळ्या करवंट्या एकेक करून तापल्या मातीवर रिकाम्या करी, काथ्याने खसाखसा घासून ताजं पाणी भरी. कंबर बोलू लागली, पण नेम चुकला नाही.

सोळाव्या दिवशी डिचोलीच्या इस्पितळात विमलाला मुलगी झाली. दोघींनाही ताप नाही.

सांगणं फिटलं. तरी दुसऱ्या सकाळी चंद्रावती काथ्या घेऊन बागेत आलीच. पहिल्या करवंटीवर बुलबुल पीत होता. तो उडेपर्यंत ती थांबली, मग करवंटी उतरवली.